ओल्या नाल्याकाठी हरणांसाठी आडोसा: खान्देशच्या जमिनीत झाडं कशी लावावीत

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला आमचा मळा आहे. मळ्याच्या उत्तर अंगाला नाला वळतो आणि त्या वळणावर दीडेक एकराचा खोलगट तुकडा आहे. आषाढापासून दिवाळीपर्यंत तो चिबड असतो, बैल घातला तर गुडघ्यापर्यंत रुततो. म्हणून आजोबांच्या काळापासून पडीत. पण उन्हाळ्यात पंचक्रोशीतलं शेवटचं पाणी तिथल्या डोहात उरतं, आणि अंधार पडला की भेकर, कधी सांबर, रोह्यांचा (नीलगायींचा) कळप तिथं उतरतो. पूर्वी कुणाच्या लक्षातही येत नसे. नाल्याच्या पलीकडून डांबरी रस्ता झाला आणि सगळं बदललं. गाडीचा उजेड थेट डोहावर पडायचा, लोक थांबून बॅटऱ्या मारायचे, कुत्री सुटायची. जनावर तहानलेलंच परत फिरायचं, आणि बिथरलेलं रोही केळीतून धावलं की आमचंही नुकसान व्हायचं.

मग मी झाडं लावली. भर जुलैत दोन फूट खोल खड्डे घेतले आणि अर्जुन नि करंजाची रोपं एका सरळ ओळीत लावून टाकली. ऑगस्टमध्ये काळ्या मातीतला प्रत्येक खड्डा पाण्यानं भरलेली कुंडी झाला आणि निम्म्याहून अधिक रोपं मुळं कुजून गेली. जी जगली ती मी हौसेनं वाढवली, खालच्या फांद्या छाटून बुंधे सरळ केले. चार वर्षांनी गुरं चारणारे एक आबा तिथं उभे राहून म्हणाले, "झाड मोठं व्हयनं भाऊ, पन आडोसा कथा शे?" म्हणजे, झाड मोठं झालं, पण आडोसा कुठं आहे? मी वाकून पाहिलं. बुंध्यांच्या मधून सगळा डोह स्वच्छ दिसत होता.

आडोसा जमिनीपासून माणसाच्या डोक्यापर्यंतच्या उंचीत असतो. त्याच्या वर झाड कितीही डेरेदार होवो, जनावराला त्याचा उपयोग नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर बेतलेलं आहे.

आधी जनावर ओळखा

आपण सरसकट हरीण म्हणतो, पण सगळ्यांना आडोसा हवा असतो असं नाही. सांबर, भेकर, चितळ ही झाडीची जनावरं. चौशिंगाही झुडपांच्या आधारानं राहतो. रोही विरळ झाडीत वावरतो, त्यालाही दिवसा टेकायला दाट जागा लागते. काळवीट आणि चिंकारा मात्र उघड्या माळावरचे. लांबवर नजर पोचणं आणि वेळेवर पळणं हेच त्यांचं संरक्षण. त्यांच्या गवताळ रानात झाडांची रांग लावली तर आपण त्यांचं घर मोडतो. तुमच्या भागात काळवीट किंवा चिंकारा चरत असेल, तर हा लेख त्या जमिनीसाठी नाही. तिथं गवत राखा आणि झाडं लावू नका.

कोण येतं हे चिखलच सांगतो. आठवडाभर सकाळी उन्हं वर येण्याआधी काठावर जाऊन खूर पाहा. भेकराचा खूर शेळीच्या पिल्लासारखा बारीक आणि टोकदार, सांबराचा चांगला मोठा. रोही पुन्हा पुन्हा त्याच जागी लेंड्या टाकतो, त्याचा ढीग साचतो. चिखलात लोळल्याची खळगी आणि जवळच्या बुंध्यावर घासलेली साल दिसली, तर सांबर धरून चाला. १९६९ साली घोषित झालेल्या यावल अभयारण्यात यातली बरीच जनावरं आहेत, आणि पायथ्याच्या गावांत ती नाल्यानाल्यानं उतरतात. नाला हाच त्यांचा रस्ता.

पाणी दोनदा वाचा

खान्देशातली ओली जमीन कोकणातल्यासारखी बारमाही ओली नसते. भाद्रपदात जिथं पाय रुततो, तिथंच वैशाखात हात जाईल एवढी भेग पडते. म्हणजे इथं लावलेलं झाड तीन महिने बुडून जगलं पाहिजे आणि पुढं ४५ अंशांच्या उन्हात तहानेनंही जगलं पाहिजे. पाणी सोसणारं म्हणून कुठलंही झाड आणून चालत नाही. दोन्ही सोसणारं लागतं.

म्हणून जमीन एकदा ऑगस्टच्या अखेरीस आणि एकदा मेमध्ये चालून पाहा. ऑगस्टमध्ये पाणी जिथवर चढलं तिथं बांबूच्या खुंट्या ठोका. पाऊस उघडला की चार-पाच ठिकाणी दोन फुटांचे खड्डे घेऊन दुसऱ्या दिवशी पाहा. पाणी वरून वीतभरावर उभं असेल तर तो पहिला पट्टा, सगळ्यात ओला. तळाशी थोडंच असेल तर दुसरा. खड्डा कोरडा तर तिसरा, म्हणजे काठ. खणताना माती निळसर-राखाडी निघाली आणि तिला नासका वास आला, तर तिथं मुळांना हवा मिळत नाही हे पक्कं. उन्हाळ्यात वर पांढरा थर फुलत असेल तर जमीन खारवट आहे. पाटाच्या पाझरानं चिबडलेल्या जमिनीत हे हमखास दिसतं. अशा जागी जांभूळ हट्टानं लावू नका. बाभूळ, करंज आणि पळस तिथं टिकतात.

एक गोष्ट फार जपा. ओल काढून टाकायची नाही. रोपं जगावीत म्हणून चर खणून नाल्याला जोडला, तर ज्या ओलीसाठी जनावर येतं तीच निघून जाते.

जागा कुणाची हेही याच वेळी पाहून घ्या. नाल्याचं पात्र सरकारी असतं, तलावाचं बुडीत क्षेत्र पाटबंधारे खात्याकडं असतं. तलाठ्याकडून नकाशा पाहून आपल्या हद्दीत लावा, नाहीतर ग्रामपंचायत आणि वनखात्याशी बोलून लेखी परवानगी घ्या. मातीच्या बांधावर, म्हणजे पाझर तलावाच्या भिंतीवर, झाड अजिबात लावू नका. मुळांच्या वाटेनं भिंत पाझरू लागते. पुराच्या मुख्य धारेतही लावू नका. तिथं कचरा अडून पाणी शेजाऱ्याच्या शेतात घुसतं.

पांढऱ्या उपरण्याची कसोटी

कागदावर आखण्याआधी हे करा. संध्याकाळी एकाला डोहापाशी, जिथं खूर जास्त आहेत तिथं उभं करा. त्यानं पांढरं उपरणं छातीच्या उंचीवर दोन्ही हातांनी ताणून धरायचं. छातीची उंची म्हणजे साधारण सांबराची पाठ. तुम्ही रस्त्यावरून चाला, मोटरसायकलवर बसून जा, ट्रॅक्टरवर चढून पाहा. जिथून जिथून उपरणं दिसतं तिथं रस्त्याच्या कडेला दगड ठेवा. मग दोघांनी जागा बदलायच्या: तुम्ही डोहापाशी उकिडवे बसा आणि त्याला रस्त्यानं चालवा. भेकराला काय दिसतं ते तेव्हा कळतं.

मला वाटत होतं सगळा काठ झाकावा लागेल. प्रत्यक्षात दोनच फटी निघाल्या, एक ४० मीटरची आणि एक ६० मीटरची. बाकी ठिकाणी उंच काठ आणि जुनी शिंदी होतीच. म्हणजे निम्मं काम निसर्गानं आधीच केलेलं होतं. ते न पाहता मी पहिल्या वेळी २०० मीटर खणत बसलो होतो.

आखणीत तीन गोष्टी सांभाळा. आडोसा पाण्याला चिकटून नको. पाणी आणि झाडी यांत १० ते १५ मीटर उघडं गवत ठेवा. पाण्यावरच दाट जाळी आली तर बिबट्याला दबा धरायला जागा मिळते, आणि हरीण तिथं तोंड घालायला धजत नाही. दुसरं, चारी बाजूंनी वेढू नका. डोंगराकडची बाजू मोकळी हवी आणि निसटायला निदान दोन वाटा हव्यात. वाट सरळ न काढता वळणाची काढा, म्हणजे बाहेरून आत नजर जात नाही. तिसरं, शाळेची वाट, वस्ती किंवा पाणवठ्यावर बायका जातात ती पायवाट यांच्याजवळ दाट झाडी आणू नका. बिबट्याचा विचार आपल्या लेकरांसाठीही करायचा असतो.

कोणती झाडं, कुठल्या ओळीत

आडोशाचा पट्टा आठ-दहा मीटर रुंद, त्यात चार ओळी, प्रत्येक ओळ नागमोडी, आणि पुढच्या ओळीतलं झाड मागच्या दोघांच्या मधोमध. आता रस्त्याकडून पाण्याकडं चालत जाऊ.

सगळ्यात बाहेर निरगुडी. या सगळ्या कामात माझा जीव कुणावर असेल तर तिच्यावर. कोरडं सोसते, पाणी सोसते, बुडापासून फुटते, आणि शेळी तिला तोंड लावत नाही. एक-एक मीटरवर लावली की तिसऱ्या पावसाळ्यात पुरुषभर उंचीची जाळी होते. छाटली तर अधिक दाट होते. रोपं विकत आणायचीही गरज नाही. बोटाएवढ्या जाड, हातभर लांब काड्या पावसाच्या तोंडावर तिरप्या खोचल्या तरी फुटतात.

दुसऱ्या ओळीत करंज आणि शिंदी, तीन-तीन मीटरवर आलटून पालटून. करंजाची पानं उन्हाळ्याच्या सुरुवातीला गळतात, पण पाणी सगळीकडचं आटतं त्या वैशाखात तो नव्या पालवीनं गच्च भरलेला असतो. आडोशाला नेमकं हेच हवं. पळस जगायला चिवट, फुलला की डोळ्यांचं पारणं फिटतं, पण नेमका फाल्गुन-चैत्रात उघडाबोडका होतो. म्हणून मुख्य फटीत पळस नको, कडेला चालेल. शिंदी वाढायला संथ आहे, पण तिचे झाप वर्षानुवर्षं जमिनीला टेकलेले राहतात आणि बारा महिने हिरवे असतात. आपल्याकडं नाल्याकाठची शिंदी निरुपयोगी म्हणून जाळतात. असलेली शिंदी राखलीत तर दहा वर्षांचं काम वाचतं.

तिसरी ओळ मोठ्या झाडांची, चार-चार मीटरवर: अर्जुन, जांभूळ, बाभूळ, मधूनच उंबर. अर्जुन नदीकाठचाच, पाण्यात पाय ठेवून उभा राहणारा. जांभूळ सदाहरित आणि दाट. जांभळं नि उंबरं खाली पडली की हरणं वेचून खातात. बाभूळ पूर आणि दुष्काळ दोन्ही पचवते. सगळ्यात ओल्या जागी, धारेच्या कडेला वाळुंज मिळाला तर लावा. त्याच्या फांद्या काठात खोचल्या की मुळं धरतात.

चौथी ओळ शेवरीची. ती कायमची नाही. बी पावसाच्या सुरुवातीला ओळीत टोकायचं, पहिल्याच वर्षी डोक्याच्या वर जाते. तीन-चार वर्षांत ती संपते, तोवर बाकीची झाडं उभी राहिलेली असतात. शेवरी मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्रही देते. हरणं तिचा पाला खातात. खाऊ द्या, त्यामुळं बाकीची रोपं वाचतात.

१०० मीटरच्या फटीसाठी निरगुडी १००, करंज आणि शिंदी मिळून ३५, मोठी झाडं २५ आणि पसाभर शेवरीचं बी, एवढं पुरतं. मर धरून पाचवा हिस्सा जास्त घ्या.

नको असलेल्यांत पहिली बेशरम. ओल्या जागी ती झपाट्यानं आडोसा करते म्हणून मोह होतो, पण ती विषारी आहे आणि एकदा शिरली की सगळं पात्र गिळते. वेडी बाभूळ, घाणेरी, सुबाभूळही नको. निलगिरीला खाली फांद्याच राहत नाहीत, आणि ती ओलही ओढते. अंजन हा आपल्या खान्देशाच्या खडकाळ डोंगराचा राजा, पण चिबडात तो मरतो.

रोपं आणि बी

सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत करंज, जांभूळ, अर्जुन मिळतात. घेताना उंच, हडकुळं रोप घेऊ नका. दीड वर्षाचं, मोठ्या पिशवीतलं, तीन फुटांचं आणि बुडाला जाड असं निवडा. ओल्या पट्ट्यात उंचीला महत्त्व आहे, कारण शेंडा पाण्याखाली गेला की रोप गुदमरतं.

घरी करायची असतील तर करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात वेचा, बी सोलून पिशवीत टाका, उगवण सोपी आहे. अर्जुनाची फळं दोन-तीन दिवस भिजवून लावा. जांभळाची बी खाल्ल्या दिवशीच लावा, वाळली की उगवत नाही. बाभळीचं बी कठीण कवचाचं. त्याला जुना उपाय शेळ्यांचा: शेंगा खाऊ घाला आणि रात्री रवंथ करताना तोंडातून पडलेलं बी सकाळी गोठ्यातून वेचा. ते लवकर फुटतं.

लावणी: खड्डा नव्हे, उंचवटा

कोरड्या काठावर नेहमीसारखा खड्डा चालतो. दुसऱ्या आणि पहिल्या पट्ट्यात मात्र खड्ड्याऐवजी ढीग करायचा. एप्रिल-मेमध्ये जमीन कडक असतानाच शेजारची माती उकरून दीड ते दोन फूट उंच आणि मीटरभर रुंद उंचवटे करा. गवताचा थर उलटा करून तळाशी घाला. उकरलेल्या जागी आपोआप छोटी डबकी होतात, ती एकमेकांना जोडू नका. पहिल्या दोन पावसांत ढीग बसतो, मग त्यावर रोप लावायचं. ढीग करायला यंत्र आणायचं तर मेमध्येच. ओल्या मातीवर त्याची चाकं फिरली की जमीन दगडासारखी दाबली जाते.

काळ्या मातीत कुदळीनं खणताना भिंती गुळगुळीत होतात, आणि मूळ त्या भिंतीवर आपटून आत गोल फिरत राहतं. कडा कुदळीच्या टोकानं खरवडून घ्या. पिशवी पूर्ण काढा. रोपाचा मातीचा गोळा ढिगाच्या पृष्ठभागाच्या बरोबरीनं ठेवा, खोल पुरू नका. शेणखत तळाशी घालू नका. हवा नसलेल्या ओल्या मातीत ते सडतं आणि मुळं भाजतं. पसाभर कुजलेलं खत वरून पसरलं तरी भागतं.

वेळ पट्ट्यानुसार. काठ आणि दुसरा पट्टा जून अखेर ते जुलै. सगळ्यात ओला पट्टा मात्र पाणी ओसरताना, सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात. धरणाचं पाणी हटतं तसं लोक गाळपेरा करतात ना, तीच रीत. ओल खाली उतरत जाते आणि मूळ तिच्या मागं जातं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत रोपाला बुडणं सोसण्याएवढं बळ येतं. माझं दुसऱ्या वेळचं यश बहुतेक या एका बदलाचं आहे.

राखण

पहिली दोन वर्षं ज्यांच्यासाठी लावतो तीच जनावरं झाडं खातात, आणि शेळ्या त्यांच्याहून जास्त. बोरीच्या नि बाभळीच्या काट्या प्रत्येक मोठ्या रोपाभोवती छातीएवढ्या उंच रोवा, बुडाला रुंद ठेवा. सांबराला शिंगं घासायला कोवळा बुंधा आवडतो. त्यासाठी अर्जुनाभोवती तीन जाड बांबू रोवा. काटेरी तार लावू नका, अंधारात धावणारं जनावर त्यात फाटतं. आणि कुंपणात थेट लाईनची वीज सोडणं तर गुन्हाच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तुरुंगवास होतो, आणि त्या तारेला माणसंही मेली आहेत.

इथं एक खरं सांगतो: आडोसा झाला म्हणून रोही पिकात शिरायचं थांबत नाही. बिथरून पळणं कमी होतं, एवढंच मी स्वतः पाहिलं. पिकाचं नुकसान झालं तर वनखात्याकडं अर्ज करून पंचनामा करून घ्या, भरपाईची तरतूद आहे.

पहिले तीन उन्हाळे

फेब्रुवारीपासून जमीन आकसायला लागते. भेग रोपाच्या बुडातून गेली की कोवळी मुळं तुटतात, पाणी घातलं तरी रोप वाळतं. यावर आपल्याकडं फुकट औषध आहे: केळीचे खांब. घड कापल्यावर जे खांब आपण बांधावर फेकतो, त्यांच्या हातभर फाका करून पोकळ बाजू खाली येईल अशा रोपाभोवती दोन थर लावा. खाली माती ओली राहते, भेग पडत नाही. मेच्या दुपारी मी एक फाक उचलून पाहिली होती: बाहेरची जमीन तव्यासारखी, आणि फाकेखाली गांडुळं. बुंध्याला मात्र चार बोटं अंतर ठेवा, नाहीतर साल कुजते. काठाच्या कोरड्या ओळीत उधई (वाळवी) लागते, तिथं थर पातळ ठेवून अधूनमधून हलवा.

पाणी आठवड्यातून एकदा, पण भरपूर. शेजारी ठिबकची लाईन असेल तर एक नळी काढा, नसेल तर बुडाला बारीक भोक पाडलेलं मडकं पुरा. रोज थोडं पाणी दिल्यानं मुळं वरच राहतात. रस्त्याच्या बाजूनं तीन-चार मीटर गवत कापून जाळरेषा होळीच्या आधी काढा. विडीच्या एका थोटकानं तीन वर्षांचं काम जातं.

नंतरची छाटणी

मोठ्या झाडांच्या खालच्या फांद्या काढू नका, माझी चूक तुम्ही करू नका. निरगुडी दर तिसऱ्या वर्षी पावसाच्या सुरुवातीला गुडघ्याएवढी ठेवून छाटा, पण एका वर्षी ओळीचा तिसरा हिस्साच, म्हणजे कुठं उघडं पडणार नाही. शेवरी वाळत आली की तोडून तिथंच आडवी टाका. अर्जुनाच्या सावलीत करंज खुरटला तर अर्जुनाच्या वरच्या फांद्या विरळ करा. जांभळासारखं झाड मुळापासून तोडायचं झालं तर आधी परवानगी घ्यावी लागते, हे लक्षात असू द्या.

दरवर्षी मार्चच्या अखेरीस, पानगळीनंतर, तोच माणूस आणि तेच उपरणं घेऊन पुन्हा रस्त्यावरून चाला. पावसाळ्यात सगळंच हिरवं दिसतं, त्या पाहणीला अर्थ नाही. उपरणं दिसलं तिथं दगड ठेवा आणि पाऊस पडला की त्या फटीत दोन निरगुड्या खोचा. आमच्याकडं गेल्या मार्चमध्ये तीन दगड राहिले होते, तिन्ही जुन्या अर्जुनांच्या उघड्या बुंध्यांपाशी.